निरोपाच्या नाटकाला संगीत देताना

प्रश्न: सांगलीतल्या आमच्या हौशी संस्थेचं दोन अंकी नाटक राज्य नाट्य स्पर्धेत उतरतंय. नवरा हळदीच्या अडत दुकानात बसणारा, बायको गाणं शिकलेली. तिला दूरच्या शहरात नोकरी मिळते. भांडण नाही, तिसरं माणूस नाही, प्रेम आहे. तरी शेवटी तो तिला जाऊ देतो. दिग्दर्शकाला ‘काळजाला हात घालणारं’ संगीत हवंय. मी शिवरंजनीत बासरीची थीम केली आहे आणि शेवटी भैरवी योजली आहे. नायिका गाते, नायक सुरात गुणगुणू शकतो, इतकंच. पैसे बेताचे. दिशा बरोबर आहे का?

उत्तर: शिवरंजनीची बासरी आधी काढून टाका. तुमची चाल वाईट असेल असं नाही, पण टीव्ही मालिकांनी ती जागा इतकी झिजवली आहे की पहिल्या दोन स्वरांतच प्रेक्षक म्हणतो, “आता रडायचं.” एकदा त्याला हुकूम मिळाला की तो नाटक बघत नाही, हुकूम पाळतो किंवा झिडकारतो.

भैरवीचं दुखणं निराळं. आपला प्रेक्षक कोण आहे ते बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ याच गावात उभं केलं. नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं आणि १९३७ साली ते गेल्यावर त्यांना मातीही तिथंच मिळाली. त्यांच्या नावानं दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं आणि ते ऐकायला भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे मांडी घालून बसतात. अशा श्रोत्याच्या कानात भैरवीचा अर्थ एकच, मैफल संपली. कोमल रिषभ लागला की हात पिशवीकडे जातो आणि नजर चपला शोधते. तुमच्या नायकाचा शेवटचा निर्णय व्हायचाय आणि प्रेक्षकाला तो भैरवीनं आधीच सांगून टाकलाय, असं होईल.

मग कुणीतरी मारवा सुचवेल. षड्ज म्हणजे सा टाळत फिरणारा, पंचम म्हणजे प नसलेला राग, म्हणजे घर हरवल्याची भावना आपोआप येणार. सुचवणाऱ्याचं चूक नाही. पण मारवा पहिल्या क्षणापासून अस्वस्थ असतो आणि तुमचं जोडपं पहिल्या अंकात अस्वस्थ नाही. ते सुखात आहे. निरोपाच्या नाटकांचं संगीत फसतं ते बहुतेक इथंच. संगीतकारानं शेवट वाचलेला असतो, त्यामुळे पहिल्या प्रवेशापासून त्याच्या सुरांना हुंदका लागलेला असतो. जे अजून हातात आलंच नाही ते सुटल्याचं दुःख प्रेक्षकाला कसं होणार? आधी त्याच्या कानाला काहीतरी धरायला द्या. ते इतकं साधं असू द्या की आपण ते धरलंय हेही त्याला कळू नये.

आता नेमकं काय करता येईल ते सांगतो. पेटी समोर घ्या आणि पांढऱ्या पट्ट्या विसरून जा.

फक्त पाच काळ्या. नायकाचा सा काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, धरा. तिथून काळ्या पाचच वाजवल्या तर सा रे म प ध मिळतात, म्हणजे दुर्गा. आता नायिकेचा सा काळी तीन धरा आणि त्याच पाच पट्ट्या वाजवा. सा रे ग प ध, म्हणजे भूप. पट्ट्या त्याच, स्वर तेच, फक्त घर कुठलं ते बदललं की राग बदलला. हा मूर्च्छनेचा जुनाच हिशेब आहे. पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदी बांधली ती याच पायावर: पुरुषाचा मध्यम (म) तो स्त्रीचा षड्ज, आणि दोघं आपापल्या षड्जावरून आपापला राग गातात. तुम्हाला इतकं पांडित्य दाखवायचं नाही. एका घरात राहणारी, तेच पाच स्वर वापरणारी, पण वेगळ्या षड्जावर उभी असलेली दोन माणसं एवढंच हवंय. तुमचं नाटक याच गोष्टीचं आहे, असं प्रश्न वाचून मला वाटलं.

नायिकेला एक ओळ द्या. तिच्या षड्जावरून (ठिपक्याचा ध़ खालच्या सप्तकातला):

ग रे सा ध़ , सा रे ग रे सा

एवढीच. चाल सपाट वाटेल, वाटू द्या. तांदूळ निवडताना, वेणी घालताना बाई जे गुणगुणते ते सपाटच असतं. शब्द हवेच असतील तर ओवीच्या वळणाचे, रोजच्या कामातले लिहून घ्या. विरह, चांदणं, साजण यांतलं काही नको. मला विचाराल तर पहिल्या वेळी शब्दच नकोत. ताल दादऱ्याच्या अंगानं मनात धरायचा, तबला लावायचा नाही.

तिची ओळ काळी तीनवर संपते. तिच्या दृष्टीनं ती घरी पोहोचली. पण त्याच्या षड्जावरून बघा: तीच ओळ ‘ध प म रे, म प ध प म’ अशी ऐकू येते आणि मध्यमावर थांबते. त्याच्या घरी पोहोचायला अजून दोन स्वर हवेत: रे, सा. पेटीवर काळी दोन, काळी एक. तर पहिल्या अंकात ती ओळ संपवते आणि तो, हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता, ते दोन स्वर खाली जोडतो. रे, सा. बस्स. नवराबायकोचं इतक्या वर्षांचं नातं संवादाच्या दोन पानांत जेवढं सांगता येणार नाही तेवढं यात सांगून होतं, आणि तुमचा नायक गाणारा नाही ही अडचणही सुटते. त्याला दोनच स्वर म्हणायचे आहेत, तेही पुटपुटल्यासारखे.

हे मध्यंतराआधी तीनदा आलं पाहिजे. पहिल्यांदा घरकाम करताना, म्हणजे प्रेक्षकाचं लक्षही जाणार नाही असं. दुसऱ्यांदा गमतीत: ती ओळ मुद्दाम अर्धवट सोडते, तो चुकीच्या जागी दोन स्वर टाकतो, दोघं हसतात. इथं प्रेक्षक खेळाचा नियम शिकतो. तिसऱ्यांदा नोकरीचं पत्र आलेल्या रात्री. ती गुणगुणते, तो दोन स्वर जोडतो, पण उशिरा. किती उशिरा हे तालमीत ठरवा. माझ्या मते प्रेक्षकाला ‘आता नाही म्हणणार’ असं वाटून गेल्यावर.

मग शेवटच्या प्रवेशाला तुम्हाला नवीन काहीच रचायचं नाही. ती जाताना ओळ म्हणते, विंगेत जाऊनही म्हणू शकते. काळी तीनवर थांबते. तिच्यापुरतं गाणं पूर्ण झालं. आणि तो दोन स्वर म्हणत नाही. ते त्याच्या तोंडाशी आहेत, प्रेक्षकाच्याही आहेत, पण तो म्हणत नाही, कारण ते म्हटले की तिची ओळ पुन्हा त्याच्या घरी येऊन संपणार. तिनं जिथं संपवलं तिथंच ती संपू द्यायची, हा त्याचा निर्णय. संवादात तो कुठं बोलून दाखवला असेल तर लेखकाशी भांडून ते वाक्य काढायला लावा.

पण हे नुसत्या चालीवर होणार नाही. काळी तीनवर थांबलेली ओळ ‘पूर्ण’ वाटते की ‘टांगलेली’ हे खाली कुठला षड्ज घुमतोय त्यावर ठरतं. म्हणून खरं काम तंबोऱ्याचं आहे.

दोन तंबोरे घ्या. एक त्याचा, काळी एकचा. एक तिचा, काळी तीनचा. तिच्या तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावा. तिचा पंचम म्हणजे त्याचाच षड्ज, त्यामुळे दोन वाद्यं एकमेकांत छान मिसळतात. त्याच्या तंबोऱ्याची पहिली तार मात्र पंचमात लावू नका. त्याचा पंचम काळी चारवर पडतो आणि तिच्या काळी तीनला घासतो. मग सगळा आवाज गढूळ होतो. त्याच्याही पहिल्या तारेला साच द्या. दोन्ही तंबोरे वेगवेगळे रेकॉर्ड करा, दोन स्वतंत्र ट्रॅकवर, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं सलग. छोटा तुकडा जोडून जोडून वाढवलेला असला की तंबोऱ्याचा जोड कानाला लगेच सापडतो, निदान आपल्याकडच्या कानांना तरी.

मोबाईलवरचं तंबोऱ्याचं ॲप वापरू नका असं मी सहसा सांगत नाही, रियाजाला ते उत्तम आहे. पण तुम्ही सांगलीत राहता हो! पलीकडे मिरजेत भोपळ्याला भोपळा लावून तंबोरे बसवलेले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. आता एक दिवस खरं वाद्य आणून वापरा. जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथली झणकार देणारी घडण, काढणाऱ्या कारागिराला सांगा की नाटकासाठी हवंय, जवारी फार उघडी नको. मैफलीत खुली जवारी सुंदर वाटते, पण तिचे वरचे झणझणीत अंश संवादातल्या व्यंजनांवर येऊन बसतात. बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यामुळे. रेकॉर्डिंग करणाऱ्याला तेवढा पट्टा थोडा दाबायला सांगा आणि खर्ज, म्हणजे खालचा खोल आवाज, तसाच ठेवायला.

आता नाटकभर हे दोन तंबोरे कसे वागतील? त्यांच्या घरातल्या प्रवेशांत दोन्ही, अगदी हलके, संवादाखाली. इतके हलके की शेवटच्या रांगेत बसलेल्याला विचारलं तर तो म्हणेल, “संगीत? नव्हतं की.” चालू पंख्याचा आवाज आपल्याला येत नाही, लाइट गेली की खोली एकदम रिकामी वाटते, तेच इथं करायचंय. शेवटच्या प्रवेशात ती बॅग उचलण्याच्या बरंच आधी, दोघं अजून चहाच्या कपांबद्दल आणि किल्ल्यांबद्दल बोलत असतानाच, तिचा तंबोरा हळूहळू काढून घ्या. वीस-पंचवीस सेकंद लावा. कुणाच्या लक्षात येणार नाही. पण आता घरात फक्त काळी एक उरली आहे. ती गाते तेव्हा तिची ओळ तीच असते, आवाज तोच असतो, आणि पहिल्या अंकात मुक्कामाला पोहोचणारा तो शेवटचा स्वर आता मध्यमासारखा अधांतरी राहतो. तो बोचत नाही, कारण शुद्ध मध्यम षड्जाशी भांडत नाही. तो नुसता थांबून राहतो. तुमच्या दिग्दर्शकाला काळजाला घालायचा हात बहुधा हाच हवा असणार. त्याला फक्त बासरीचं नाव माहीत आहे.

एक धोका आहे तो सांगून ठेवतो. नायिका गाणारी असल्यामुळे तिला तंबोरा एकटा काळी एकचा ऐकू आला की ती नकळत सूर बदलेल, शेवटचे दोन स्वर स्वतःच घ्यायला जाईल. कान तिला तिकडे ओढणारच. म्हणून पहिल्या दिवसापासून तिला तंबोऱ्याशिवाय ती ओळ पाठ करू द्या, स्टेजवर येण्याआधी विंगेत काळी तीन कानाशी ऐकवा, आणि शेवटच्या प्रवेशाची तालीम मुद्दाम त्याच्या एकट्या तंबोऱ्यावर घ्या.

पट्टीचं म्हणाल तर बायकांना काळी तीनचा सा मंद्राकडे, म्हणजे खालच्या सप्तकात, घेतला तर जड जातो, खालचा धैवत तर निघणारच नाही. ओळ एक सप्तक वर घ्या. तिचा पल्ला धैवतापासून गंधारापर्यंतच आहे, त्यामुळे ताण येत नाही, आणि नायकाचे दोन स्वर खालच्या सप्तकात पडतात ते कानाला नैसर्गिक वाटतं. तिचा आवाज तरीही बसत नसेल तर सगळंच अर्धा-एक स्वर सरकवा. काळ्या पट्ट्यांची गंमत जाईल, पण ती तुमच्या सोयीची होती, प्रेक्षकाला पेटी दिसत नाही. दोन षड्जांमधलं अंतर मात्र मध्यमाचंच राहिलं पाहिजे.

बाकी वाद्यांचा मोह आवरा. बासरी, व्हायोलिन, सारंगी, तिन्ही माणसाच्या आवाजाच्या इतकी जवळ राहतात की संवादाखाली आली की ती तिसरं पात्र होतात. तुमच्या नाटकात तिसरं पात्र नाही असं तुम्हीच सांगितलंय. विंगेत एक पेटी ठेवा, हातानं वाजवणारा माणूस ठेवा. ‘मानापमान’ला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवालेच होते, पेटीला कमी लेखू नका. दृश्य बदलताना तिची ओळ पेटीवर एका बोटानं, भात्याचा श्वास ऐकू येईल इतक्या संथपणे, पुरे झालं. पेटीवाला जिवंत हवा याचं कारण व्यवहारी आहे. नटानं एखाद्या रात्री थांबा लांबवला तर रेकॉर्डिंग थांबत नाही, पेटीवाला थांबतो. त्याला शेवटच्या आठवड्यात बोलावू नका. वाचनाच्या तालमींपासून बसवा आणि चहा-प्रवासखर्च वेळेवर द्या.

ध्वनिपरिणामांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घाटावरचा एक प्रवेश असणारच, सांगलीच्या नाटकात असतोच. कृपा करून नदीची खळखळ लावू नका. कृष्णा सांगलीत खळखळत नाही. ती रुंद आणि संथ आहे, आणि पुराच्या दिवसांतसुद्धा घाटावर ऐकू येतो तो माणसांचा गोंगाट. डोंगरातल्या ओढ्याचा आवाज लावलात तर पहिल्या रांगेतले आजोबा मागे वळून ऑपरेटरकडे बघतील. पुलावरची वाहनं दुरून, एखादी घंटा, आणि मधे भरपूर काही नाही, असं करा.

क्यू शीटबद्दल, म्हणजे कुठला आवाज कधी सुरू-बंद करायचा त्या यादीबद्दल, थोडं. क्यू शब्दांवर देऊ नका, कृतीवर द्या. ‘ती कप ठेवते’, ‘तो वही मिटतो’, असं लिहा. हौशी नट वाक्य विसरतो, उलटं म्हणतो, पण कप ठेवतोच. भावे नाट्यमंदिरात काय किंवा दुसऱ्या थिएटरात काय, स्पर्धेच्या दिवशी तुम्हाला ध्वनी लावून बघायला मिळणारा वेळ नेपथ्य आणि प्रकाशवाल्यांच्या पायाखाली चिरडून जातो. म्हणून पातळ्या आधीच कागदावर हव्यात. तंबोऱ्याची पातळी रिकाम्या सभागृहात ठरवली असेल तर प्रयोगाला किंचित वाढवा, कारण भरलेल्या सभागृहात माणसं आवाज शोषतात. शेवटच्या रांगेत विश्वासाचा एक माणूस बसवा, नातेवाईक नको. ट्रॅक दोन यंत्रांवर ठेवा, आणि त्यातला एक फोन असेल तर तो एअरप्लेन मोडवर. निरोपाच्या प्रवेशात गॅस एजन्सीचा मेसेज वाजलेला मी ऐकलाय.

जुन्या नाट्यपदाचा तुकडा रेडिओवर लागलाय असं दाखवायचा विचार असेल तर हक्क तपासा. संगीतकार आणि गीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, ध्वनिमुद्रिकेचे प्रकाशनानंतर ६० वर्षं. देवलांचे शब्द केव्हाच मोकळे झालेत, पण ते पद अलीकडच्या गायकानं गायलेलं असेल तर ती मुद्रिका मोकळी नाही. नायिका गातेच आहे, तिच्याकडूनच दोन ओळी रेकॉर्ड करून रेडिओतून वाजवा, हे सोपं.

दिग्दर्शकाला पटवायचं कसं हा तुमचा खरा प्रश्न असावा, जरी तुम्ही तो विचारला नाहीत. वाद घालू नका. शेवटचा प्रवेश आधी पूर्ण विनासंगीत करायला लावा. मग तुमच्या बासरीसकट. मग फक्त दोन तंबोरे आणि एक ओळ. तिन्ही वेळा त्याला स्टेजसमोर न बसवता सभागृहाच्या मध्यावर बसवा. विनासंगीत प्रवेशच सर्वांत चांगला वाटला तर तेही मान्य करा. काही नट असे असतात की त्यांना फक्त शांतता लागते, आणि मग तुमचं काम पहिल्या अंकातच संपलेलं असतं.

पडदा पडल्यावर कलाकार वंदनाला येतात तेव्हा ती ओळ पुन्हा वाजवू नका. पेटीवाल्याला नक्की मोह होईल, टाळ्यांच्या भरात तो राहिलेले दोन स्वर जोडून टाकेल आणि तासाभराची मेहनत वाया जाईल. तिथं तबला पहिल्यांदा येऊ द्या, भूपातलं एखादं चालतं मध्यलय वाजवा, आणि नटांची नावं स्पष्ट ऐकू येतील इतकं हळू ठेवा.